गाठ काढली, मग ती तपासणं ‘वैकल्पिक’ कसं?

इंदुरातले सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, नर्सिंग होमचे संचालक आणि मध्य प्रदेशचा आरोग्य विभाग यांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

इंदुरातल्या हिस्टोपॅथॉलॉजी (शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या) प्रयोगशाळांत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेला तुकडा बाटलीतून आमच्या टेबलावर यायचा. पॅथॉलॉजिस्ट मॅडम तो मोजून कापून द्यायच्या. मी कॅसेट भरायचे, मेणात ब्लॉक ओतायचे, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढून कोमट पाण्यावर सोडायचे आणि अलगद काचेवर उचलायचे. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं अक्षर मी बाटलीवरच्या चिठ्ठीवरून आजही ओळखेन. अनेकांबद्दल मनात आदर आहे, म्हणूनच जे बोलायचं ते उघडपणे बोलते आहे.

कारण असं घडलं. माझ्या भाचीच्या स्तनातली गाठ शहरातल्या एका खासगी रुग्णालयात काढली. पुढे जे झालं ते खाली सांगतेच. आम्ही लेखी तक्रार केली. उत्तर आलं की गाठ अत्यंत दुर्मीळ प्रकारची होती, त्यामुळे निदानाला वेळ लागला, उपचारात कसूर झालेली नाही. त्याच सुमारास ओळखीतल्या एका बाईंना तिथूनच स्तनातल्या गाठीच्या ऑपरेशनचं एस्टिमेट मिळालं. ओटी चार्ज, भूल, औषधं, एका दिवसाचा बेड, सगळं नीट छापलेलं. तळाशी एक ओळ होती: ‘बायोप्सी जाँच – वैकल्पिक’. शेजारी चौकट, त्यात नातेवाइकाने सही केली की तपासणी होणार नाही. चौकशी केल्यावर कळलं की पस्तिशीच्या आतल्या बायकांना तिथे आता हाच फॉर्म द्यायचं ठरलं आहे. अशीच पद्धत आणखीही काही ठिकाणी रुजते आहे.

एकीकडे म्हणायचं की गाठ दुर्मीळ होती म्हणून ओळखू आली नाही, आणि दुसरीकडे ती ओळखण्याची जी एकमेव खात्रीची तपासणी आहे ती नातेवाइकाच्या मर्जीवर सोडायची. हे मला मुकाट्याने पटवून घेता येत नाही. रुग्णालयाचं नाव इथे लिहीत नाही, त्या तक्रारीचं जे व्हायचं ते तिच्या ठिकाणी होईल. हे पत्र पद्धतीबद्दल आहे, आणि पद्धत एकट्या त्या रुग्णालयाची नाही. भाचीला विचारूनच लिहिते आहे. तीच म्हणाली, “मावशी, माझं नाव नको, पण बाकी सगळं लिही.”

भाची बत्तीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी, एका लहान मुलीची आई. डाव्या स्तनात गाठ हाताला लागली तेव्हा सोनोग्राफीत ती तीन सेंटीमीटरच्या आसपास होती. एफएनएसी झाली, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून पाहिल्या, आणि रिपोर्ट आला फायब्रोअडेनोमा. तरुण मुलींमध्ये ही साधी गाठ इतकी सर्रास दिसते की कुणीही निर्धास्त व्हावं. पण ही गाठ थांबली नाही. काही महिन्यांतच ती दुप्पट झाली, ब्लाउज एका बाजूने बसेनासा झाला. ती पुन्हा गेली. पुन्हा तोच जुना रिपोर्ट बघून सांगण्यात आलं, साधीच आहे, काढून टाकू. वाढलेल्या गाठीची ट्रूकट बायोप्सी (जाड सुईने ऊतीची सळी काढून तपासणं) करायचं कुणी नाव काढलं नाही. स्तनाग्राच्या कडेने लहान छेद घेऊन, व्रण दिसू नये म्हणून, गाठ आतून सोलून काढली गेली आणि संध्याकाळी तिला घरी सोडलं.

सुट्टी होताना नर्सने माझ्या मेहुण्यांच्या हातात एक कॅरीबॅग दिली. “तपासून घ्यायची असेल तर बाहेरच्या लॅबमध्ये द्या.” ते बिचारे ती पिशवी घेऊन थेट माझ्याकडे आले. सलाइनची रिकामी बाटली वरून कापली होती आणि तिच्यात गाठ कोंबली होती. फॉर्मेलिन डोळ्यांना झोंबतं. इथे काहीच झोंबलं नाही, आत नुसतं सलाइन होतं. गाठ तीन तुकड्यांत. एकाही तुकड्याला टाका घातलेला नव्हता. चिठ्ठीवर नाव, वय आणि ‘ब्रेस्ट लंप’. डावा की उजवा, किती वेगाने वाढली, आधी काय तपासण्या झाल्या, यातलं एक अक्षर नाही.

सामान्य वाचकांसाठी थोडं खुलासेवार सांगते, कारण डॉक्टर मंडळींना हे ठाऊकच आहे. शरीरातून काढलेला तुकडा लगेच कुजायला लागतो. तो टिकवण्यासाठी दहा टक्के बफर्ड फॉर्मेलिन लागतं, आणि तेही तुकड्याच्या किमान दहापट. फॉर्मेलिन आत शिरतं ते तासाला जेमतेम एक मिलीमीटर या गतीने. म्हणजे सहा सेंटीमीटरची गाठ अख्खी बुडवून ठेवली तरी मधला भाग बराच वेळ तसाच राहतो, म्हणून लॅबमध्ये आल्याबरोबर ती रीतीने कापून ठेवावी लागते. सलाइनमध्ये पेशी फुगतात, केंद्रकं पुसट होतात, आणि विभागणाऱ्या पेशी मोजायच्या म्हटलं तर पॅथॉलॉजिस्टला डोळे ताणूनही खात्री देता येत नाही. गाठ कुठल्या बाजूने वर होती, कुठली बाजू काखेकडे, हे कळावं म्हणून सर्जन टाके घालतो, एक आखूड आणि एक लांब. त्या टाक्यांवरून आम्ही कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावायचो. मग सूक्ष्मदर्शकाखाली शाईपर्यंत गाठ पोहोचली आहे की मधे निरोगी भाग आहे, हे दिसतं. तीन तुकडे झाले आणि टाका नाही, की शाई लावणार कशाला?

रिपोर्टही तसाच आला: गाठ फायब्रोएपिथेलियल जातीची (फायब्रोअडेनोमाही याच जातीतली), फिलॉइड्स ही दुर्मीळ गाठ असण्याची शक्यता, कडांबद्दल सांगता येत नाही. भाची तो कागद घेऊन गेली तेव्हा डिस्चार्ज कार्डावर आधीच ‘फायब्रोअडेनोमा’ लिहून झालं होतं. “काढली ना, मग झालं,” एवढंच तिला ऐकायला मिळालं. पुढे कधी दाखवायला यायचं, हे कार्डावर नव्हतं.

वर्षाच्या आत त्याच जागी गाठ परतली. दुसऱ्या एका सर्जननी हाताने तपासूनच सांगितलं, कॅन्सर आहे, स्तन काढावा लागेल, काखेतल्या गाठीही साफ करू. घरात काय झालं असेल ते लिहीत नाही. आम्ही जुने ब्लॉक शोधायला लावले, ते मिळायला फार त्रास झाला, आणि अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठली. तिथे आधी ट्रूकट झाली, मग जुन्या आणि नव्या काचा शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. बॉर्डरलाइन फिलॉइड्स, म्हणजे सौम्य आणि घातक यांच्या मधली. ऑपरेशन झालं ते गाठीभोवतीचा सगळीकडून किमान एक सेंटीमीटर निरोगी भाग घेऊन. काखेला हात लावला नाही, कारण लावायची गरज नव्हती. स्तन आहे, आकार थोडा बदलला आहे. ती कामावर रुजू झाली आहे आणि नेमाने तपासणीला जाते.

आता या गाठीबद्दल. स्तनाच्या सगळ्या गाठींमध्ये फिलॉइड्सचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, हे खरं आहे. पण ती नवी नाही. १८३८ मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने तिचं वर्णन करून ठेवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तिचे सौम्य, बॉर्डरलाइन आणि घातक असे तीन वर्ग केले आहेत, आणि ते कशावरून ठरवायचे हेही पुस्तकात स्पष्ट आहे: आधार-ऊतीतल्या (नलिकांना आधार देणाऱ्या ऊतीतल्या) पेशी किती दाट, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी, विभाजन किती, आधार-ऊतीने बाकी सगळं झाकून टाकलंय का, आणि गाठीची कड नीट आहे की आजूबाजूला घुसते आहे. विभाजनाचा हिशेब तर आकड्यांत आहे: मोठ्या भिंगाच्या दहा क्षेत्रांत पाचपेक्षा कमी असेल तर सौम्य, पाच ते नऊ बॉर्डरलाइन, दहा किंवा जास्त असेल तर घातकाकडे कल. काचेवर पाहिलं की पानांसारख्या घड्या दिसतात, आधार-ऊती वाढून नलिकांच्या पोकळीत घुसलेली. मी स्वतः निदान करणारी नव्हे, पण इतक्या वर्षांत या घड्या मॅडमनी मला बोलावून दाखवल्या आहेत. ज्याने एकदा पाहिल्या तो विसरत नाही. फक्त त्या पाहायला काच तयार व्हावी लागते, आणि काच तयार व्हायला तुकडा लॅबमध्ये पोहोचावा लागतो.

माझी पहिली तक्रार तपासणीच्या क्रमाबद्दल आहे. हाताने तपासणं, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने घेतलेला नमुना, या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत हे एमबीबीएसच्या मुलांनाही शिकवतात. एफएनएसीत सुट्या पेशी येतात. फिलॉइड्स आणि फायब्रोअडेनोमा यांतला फरक मात्र रचनेत आणि आधार-ऊतीत असतो, तो सुट्या पेशींत शोधून फारसा सापडत नाही. ट्रूकटमध्ये निदान ऊतीची सळी तरी मिळते. तिच्यातही कधी नेमकं कळत नाही, कारण एकाच गाठीत एक भाग साधा आणि दुसरा बॉर्डरलाइन असू शकतो. तेव्हा प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट ‘फायब्रोएपिथेलियल, गाठ पूर्ण काढून तपासावी’ असं लिहितो. तेवढं कळलं तरी सर्जन सोलून काढायच्या आधी थांबतो. तीन सेंटीमीटरच्या पुढे गेलेली, झपाट्याने वाढणारी किंवा काढलेल्या जागीच परतलेली गाठ जुन्या एफएनएसीच्या भरवशावर कापू नये, एवढीच अपेक्षा आहे. आणि वय कमी आहे म्हणून निर्धास्त राहणं तर मुळीच बरोबर नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत फिलॉइड्सचं वय चाळीस ते पन्नास असं असतं, आशियाई बायकांमध्ये ती त्याहून बऱ्याच लवकर दिसते. ‘पस्तिशीच्या आत वैकल्पिक’ हा नियम नेमक्या चुकीच्या वयाला लावलेला आहे.

दुसरी तक्रार ऑपरेशनच्या पद्धतीची. सौम्य प्रकारातही साधारण १० ते १७ टक्के बायकांना गाठ परत होते, घातक प्रकारात २३ ते ३० टक्के, आणि परतलेली गाठ कधी वरच्या वर्गाची असते. सिंगापूर जनरल हॉस्पिटलच्या मंडळींनी २०१२ मध्ये ही जोखीम मोजायचं एक कोष्टक मांडलं. त्यात चार गोष्टी धरतात: पेशींची विकृती, विभाजन, आधार-ऊतीची वाढ आणि कापलेल्या कडेवर गाठ आहे की नाही. पहिल्या तीन गोष्टी गाठ स्वतःबरोबर घेऊन येते. चौथी मात्र सर्जनच्या हातात असते. व्रण लहान दिसावा यासाठी गाठ तुकड्यांत ओढून काढली की ती चौथी गोष्ट हातची गेली, आणि पॅथॉलॉजिस्ट कितीही निष्णात असला तरी परत आणू शकत नाही.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. प्रत्येक फिलॉइड्सला सेंटीमीटरभर भाग घ्यायलाच हवा असं आज कुणी म्हणत नाही. सौम्य ठरलेल्या गाठीत कड काठावर आली असली तरी पुन्हा चाकू न लावता लक्ष ठेवणं अनेक जाणकारांना मान्य आहे. बॉर्डरलाइन आणि घातक प्रकारात मात्र रुंद कड हवीच. म्हणजे पुन्हा सगळं वर्ग ठरण्यावर आलं. आणि काखेचं म्हणाल, तर फिलॉइड्स लसीका ग्रंथींत क्वचितच जाते. घातक झाली तर ती रक्तातून पसरते, बहुतेकदा फुप्फुसांत. उगाच काख साफ केली तर बाईच्या वाट्याला जन्मभराची हाताची सूज येऊ शकते. माझ्या भाचीच्या वाट्याला ती येणार होती. पहिल्यांदा जितकं कमी केलं गेलं, दुसऱ्यांदा तितकंच जास्त करायला निघाले होते, आणि दोन्ही वेळा नमुन्याचं पक्कं निदान हातात नव्हतं.

याच दुसऱ्या वेळी एकाच कागदावर सही मागितली गेली: गाठ तपासू, कॅन्सर वाटला तर स्तनही काढू. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे की फक्त तपासणीसाठी दिलेली संमती पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, जिवावरचा प्रसंग असेल तर गोष्ट वेगळी. स्तनातली गाठ त्याच टेबलावर त्याच तासात काढावी लागेल असा जिवावरचा प्रसंग सहसा नसतो. तिला शुद्धीवर येऊ द्या, रिपोर्ट दाखवा, मग विचारा.

तिसरी तक्रार बाटलीची. वर सगळं सांगून झालं आहे, फक्त एवढं जोडते की आमच्या काउंटरवर बडवानी, झाबुआ, खरगोनकडचे लोक अशाच बाटल्या घेऊन येत. बायको बेडवर, नवरा शहरात लॅब शोधत हिंडतोय, पिशवी उन्हात. काही जण विचारायचे, “ये फेंक दें तो चलेगा?” त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं की त्या पिशवीत बायकोच्या पुढच्या दहा वर्षांचं उत्तर आहे. ऑपरेशन तुम्ही केलंत, तर तुकडा योग्य द्रवात, योग्य चिठ्ठीसह, लॅबच्या दारापर्यंत पोहोचवणं हेही तुमचंच काम आहे.

“पेशंटला परवडत नाही” हे उत्तर मी आयुष्यभर ऐकलं. साध्या हिस्टोपॅथॉलॉजीचा खर्च ऑपरेशनच्या बिलापुढे किरकोळ असतो, हे तुम्हीही जाणता. दुसऱ्या ऑपरेशनचा, मुंबईच्या मुक्कामाचा, बुडालेल्या पगाराचा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे. आयुष्मान भारत योजनेत तर दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस यांतल्या तपासण्या धरलेल्या आहेत. मग कार्डधारक बाईच्या नवऱ्याच्या हातात बाटली का येते? आरोग्य विभागाने याचं उत्तर द्यावं.

चौथी, आणि ही पॅथॉलॉजिस्ट मंडळींना. ‘फायब्रोअडेनोमा’ किंवा ‘फिलॉइड्स’ एवढ्या एका शब्दावर रिपोर्ट संपवू नका. पाचही निकष लिहा, विभाजनाचा आकडा लिहा, कड किती मिलीमीटरवर आहे ते लिहा, आणि सांगता येत नसेल तर का सांगता येत नाही तेही लिहा. मोठ्या गाठीतून दर सेंटीमीटरला किमान एक ब्लॉक घ्या. दोन ब्लॉक घेऊन अख्ख्या गाठीवर शिक्का मारणं मी पाहिलं आहे, आणि त्या वेळी तंत्रज्ञ म्हणून मला फार वाईट वाटायचं. फिलॉइड्स घातक वाटत असेल तेव्हा मेटाप्लास्टिक कार्सिनोमा हा वेगळा स्तनाचा कॅन्सर नाही ना हे सायटोकेरॅटिन आणि पी६३ या प्रथिनांच्या इम्युनो तपासणीने पाहून घ्या. सोय नसेल तर ब्लॉक जिथे सोय आहे तिथे पाठवा. त्यात कमीपणा कसला?

कारण प्रश्न एकट्या फिलॉइड्सचा नाही. मेटाप्लास्टिक कार्सिनोमाही दुर्मीळ, काचेवर कधी कधी अगदी तशीच दिसणारी, पण तिला काखेची तपासणी लागते आणि बहुतेकदा केमोही. स्तनात सुरू झालेला लिम्फोमा (लसीका-पेशींचा कॅन्सर) असेल तर स्तन काढून उपयोग नाही, त्याचा मुख्य उपचार औषधांनी होतो. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा कागदावर ट्रिपल निगेटिव्ह (दोन हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू, तिन्ही नसलेला) असतो, म्हणून सगळे घाबरतात, पण त्याचा स्वभाव सहसा सौम्य असतो. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाचा एक प्रकारचा दाह, तर कॅन्सरच नाही. ती हाताला आणि सोनोग्राफीत कॅन्सरसारखी वाटते, आणि आपल्याकडे क्षयरोगही वगळावा लागतो. स्तनाग्रावरचा पॅजेटचा आजार, खरजेसारखा दिसणारा कॅन्सर, सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये सांगून ठेवला, तरीही बायका महिनोन् महिने खरजेची मलमं लावत बसतात. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, एकूण रुग्णांत साधारण एक टक्का. निमाडातल्या एखाद्या शेतकऱ्याला छातीत गाठ आली तर तो ती दाखवायलाच लाजतो. या प्रत्येकात ऑपरेशन किती, कुठे, की नाहीच, हे वेगवेगळं आहे. यातली एकेक गोष्ट दुर्मीळ असेल, पण सगळ्या मिळून तुमच्या ओपीडीत त्या नक्की येतात. त्यांना पकडायला वेगळं यंत्र लागत नाही. आधी ट्रूकट, मग ऑपरेशन, मग प्रत्येक तुकड्याची तपासणी, हा नेहमीचा क्रम पाळला की नेहमीची गाठही सापडते आणि दुर्मीळही.

पाचवी तक्रार ब्लॉक आणि कागदपत्रांची. दुसरं मत घ्यायचं म्हटलं की लॅब आणि रुग्णालय दोन्हीकडे चेहरे बदलतात. भाचीच्या आईला “आमच्यावर विश्वास नाही का?” असं विचारलं गेलं. विश्वासाचा संबंध नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे उपचारांची कागदपत्रं तीन वर्षं ठेवायची असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. मेणाचा ब्लॉक तर कपाटात नीट ठेवला की वर्षानुवर्षं टिकतो, आणि तो त्या बाईच्या शरीराचा तुकडा आहे.

दुसऱ्या मतासाठी प्रत्येकाने मुंबईची गाडी पकडावी असंही नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं आहे, देशभरची केंद्रं त्यात जोडलेली आहेत, अवघड रुग्णांवर दुरून एकत्र चर्चा करायची सोय आहे. इंदुरात १८७८ पासून डॉक्टर घडवले जात आहेत. माळवा आणि निमाडचे अर्धेअधिक आजारी लोक इथेच येतात. इथले सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि ऑन्कोलॉजिस्ट आठवड्यातून एकदा तासभर एकत्र बसून अशा गाठींवर बोलू शकत नाहीत, हे मी मानायला तयार नाही. माणसं आहेत, ज्ञान आहे. मी त्यांच्याबरोबर काम केलं आहे.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट सांगते.

‘बायोप्सी जाँच – वैकल्पिक’ ही ओळ स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या प्रत्येक फॉर्मवरून काढा. शरीरातून काढलेली स्तनाची प्रत्येक गाठ, वय काहीही असो, तपासणीला जाईल आणि तिचा खर्च पॅकेजमध्येच धरला जाईल.

मोठी, वेगाने वाढणारी किंवा परतलेली गाठ असेल तर ऑपरेशनआधी ट्रूकट करा. करायची नसेल तर का नाही, हे केसपेपरवर लिहा.

गाठ शक्यतो अखंड काढा, दिशेचे टाके घाला, फॉर्मेलिनमध्ये ठेवा, पूर्ण भरलेल्या चिठ्ठीसह रुग्णालयाच्या माणसाकरवी लॅबमध्ये पाठवा. नातेवाइकाच्या हातात बाटली द्यायची नाही.

डिस्चार्ज कार्डावर अंतिम निदान हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावरच लिहा, तोवर ‘रिपोर्ट बाकी’ असं लिहा. रिपोर्ट आला की रुग्णाला फोन करून बोलवायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी ठेवा. फिलॉइड्स निघाली तर तपासणीच्या पुढच्या तारखा कार्डावर द्या, कारण ती परतते तेव्हा बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच.

ब्लॉक आणि काचा मागितल्यावर पावती घेऊन विनाविलंब द्या.

आरोग्य विभागाकडे एवढंच मागणं आहे, की खासगी रुग्णालयांची नोंदणी राज्याच्या १९७३ च्या कायद्याखाली होते, तिच्या नूतनीकरणाच्या वेळी गाठींच्या ऑपरेशनांचं रजिस्टर आणि हिस्टोपॅथॉलॉजीचं रजिस्टर शेजारी ठेवून पाहा. किती गाठी काढल्या आणि किती तपासल्या, हे दोन आकडे जुळतात का ते बघायला एक दुपार पुरेल.

शहरातल्या मराठी मंडळांनाही जाता जाता विनंती आहे. गणेशोत्सवात, ऑक्टोबरमध्ये तुम्ही स्तनतपासणीची शिबिरं घेता, मीही त्यांत बसले आहे. तिथे गाठ कशी शोधायची हे सांगतोच. गाठ काढल्यानंतर ‘ती कुठे गेली आणि रिपोर्ट काय आला’ हे विचारायलाही बायकांना सांगा. फाइलमध्ये रिपोर्ट नसेल तर घरी जाऊ नका म्हणावं.

या पत्राची एक प्रत मी जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात रीतसर आवक क्रमांक घेऊन देते आहे. फॉर्मवरची ओळ कधी निघणार आणि दोन्ही रजिस्टरं कोण, केव्हा तपासणार, याचं उत्तर लेखी मिळावं. प्रयोगशाळेच्या बाजूने काही मदत लागली, नर्सिंग स्टाफला नमुना कसा ठेवायचा आणि चिठ्ठी कशी भरायची हे शिकवायचं असलं, तर शहरातल्या कुठल्याही रुग्णालयात मी विनामोबदला येईन. फॉर्मेलिनची बाटली आणि चिठ्ठीचा नमुना मी घेऊन येते, तुम्ही फक्त वेळ कळवा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ
रामबाग, इंदूर